तिघांत कसला डाव

सकाळचे साडेसात वाजले होते. दूध तापत होतं, नळाचं पाणी येऊन गेलं होतं, आणि मास्तर खिडकीपाशी बसून सुईत दोरा ओवत होते. चष्मा कपाळावर, एक डोळा मिटलेला, दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं केलेलं. बेचाळीस वर्षं लोकांचे शर्ट-कोट शिवलेल्या माणसाला सुईचं नेढं सापडू नये, याचा त्यांना रोज सकाळी नव्यानं राग यायचा. सूनबाई ओट्यापाशी उभी राहून बघत होती, पण मदतीला जात नव्हती. एकदा ती "द्या इकडे" म्हणाली होती, तर मास्तर दिवसभर घुम्यासारखे बसून राहिले होते. तेव्हापासून तिनं ठरवून टाकलं होतं, आपण आपलं दुधाकडे बघायचं.

घरात ही दोघंच. मास्तरांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती आणि मुलगा जहाजावर, वर्षातून दोन महिने घरी. सासरा-सुनेचं भांडण असं कधी झालं नव्हतं. भांडायला आधी बोलावं लागतं.

दार वाजलं.

"इतक्या सकाळी कोण तडमडलं?" मास्तर म्हणाले.

सूनबाईनं दार उघडलं. दारात जुळाऱ्यांची बायको उभी होती. जुळारी म्हणजे छापखान्यात खिळे जुळवणारे, मास्तरांचे तीस वर्षांचे मित्र. आणि गेले आठ महिने मित्र होते की नव्हते, हे कुणालाच सांगता आलं नसतं. वहिनींच्या हातात रिकामी पिशवी होती. चपला त्यांनी बाहेर नीट जोडून ठेवल्या होत्या. या घरात त्या आजवर तीनदा आल्या असतील, तीही नवऱ्याच्या मागून.

मास्तर गडबडीनं उठले आणि सुई कुठेतरी पडली.

"या, बसा, वहिनी."

"बसत नाही, भावजी. ह्यांना काल घरी आणलं हॉस्पिटलातून."

"हॉस्पिटल? मला कुणी... बरं, घरी आणलं म्हणजे सुधारणा आहे."

वहिनींनी पिशवीची घडी घातली, मग उलगडली. "डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा. पंधरा दिवस म्हणाले. फार तर महिना."

मागे दूध उतू गेलं. सूनबाई अजून दारातच उभी होती, ते तिला वासानंच कळलं.

"बोलावलंय का त्यांनी मला?" मास्तरांनी विचारलं.

"नाही. खोटं कशाला बोलू? तुमचं नावही काढत नाहीत. मी आपली भाजीचं निमित्त करून आले." वहिनींनी पिशवी काखेत धरली. "काय करतात माहितीये, भावजी? चादरीवर पत्ते वाटतात. दोन वाटे. एक स्वतःचा, एक समोर कुणीच नाही त्याचा. दोन्हीकडून आपणच खेळतात. परवा हॉस्पिटलात मी विचारलं, कोण जिंकतंय? तर म्हणाले, 'मीच की. समोरचा नुसता पत्ते टाकत बसतो.'"

एवढं बोलून त्या गेल्या. भाजी खरंच घ्यायची होती की काय कुणास ठाऊक, पण गेल्या बाजाराच्याच दिशेनं.

मास्तरांना 'समोरचा' कोण, हे विचारावं लागलं नाही.

एके काळी दर रविवारी दुपारी छापखान्याच्या मागच्या खोलीत, कागद कापायच्या भल्यामोठ्या टेबलाभोवती नऊ खुर्च्या लागायच्या. खेळ पोकरचा. तो आणला जुळाऱ्यांनीच. कुणीतरी नियमांची पुस्तिका छापायला दिली होती, आणि ती जुळवता जुळवता, शिशाची उलटी अक्षरं वाचत, गडी खेळ शिकून मोकळा झाला. "मी पोकर उलटा शिकलोय, म्हणून तुम्ही सरळ लोक हरता," असं ते सांगायचे. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मध्ये पाच उघडे, आणि दर डावाला दोघांनी पाळीपाळीनं, पत्ते बघायच्या आधीच, थोडी बटणं मध्ये टाकायची. त्याला त्यांनी नाव ठेवलं होतं बैठक. बाकीच्यांनी पत्ते टाकून डाव सोडला, की मधली सगळी बटणं उरलेल्याची. पैशानं खेळायचं नाही हे पहिल्या दिवशीच ठरलं होतं. बटणं मास्तरांच्या दुकानातली, एका डब्यात भरून आणलेली. शर्टाचं बटण म्हणजे एक, कोटाचं म्हणजे दहा.

त्या नऊजणांत मास्तरांचा दरारा होता. पत्ते उचलायचे, बघायचे, टाकायचे. पुन्हा उचलायचे, बघायचे, टाकायचे. कधीकधी तासभर एकही डाव खेळायचे नाहीत. चहा प्यायचे, समोरच्याच्या कॉलरची शिलाई न्याहाळायचे. आणि मग अचानक कोटाची दोन बटणं मध्ये सरकवायचे, की टेबलावर खळबळ. "अरे बाबा, बगळ्यानं पाय खाली टेकला! पळा!" जुळारी ओरडायचे आणि सगळे भराभर पत्ते टाकायचे. मास्तरांचं नाव तेव्हापासून बगळा. त्यांना ते आवडायचं. नऊ माणसांत कुणाकडे ना कुणाकडे मोठा पत्ता असणारच, तर उगाच किडुकमिडुक घेऊन कशाला उतरा? आपला मासा येईपर्यंत एका पायावर उभं राहावं. बैठकीची पाळी उशिरा यायची, उभं राहायला काही पडायचं नाही.

दुकानातही तीच तऱ्हा. कापड हातात आलं की दोन दिवस नुसतं घडी घालून ठेवायचे, मग कात्री. शेजारचा गाळा विकायला निघाला तेव्हा भाव उतरेल म्हणून थांबले. चपलांच्या दुकानवाल्यानं तो आठवड्यात घेतला. बायको म्हणायची, "तुम्ही माझ्याशी भांडायलासुद्धा मुहूर्त बघता."

मग टेबल ओसरायला लागलं. औषधाच्या दुकानवाल्याचं हृदय बंद पडलं. शाळेतल्या कारकुनाला मुलानं आपल्याकडे नेलं. एकाला दिसेनासं झालं, एकाला ऐकू येईनासं, तो पत्ते बघून "काय म्हणालात?" असं विचारायचा. खुर्च्या सहा झाल्या, मग चार. छापखान्यात मशीन आली, खिळ्यांचे खण भंगारात गेले. पण मालकानं मागची खोली आणि टेबल राहू दिलं. शेवटी उरले तिघं: जुळारी, मास्तर आणि रेल्वेतून निवृत्त झालेले सिग्नलवाले.

माणसं कमी झाली तसा जुळाऱ्यांनी खेळ बदलला. सहांत असताना ते नऊजणांतल्यापेक्षा जास्त डाव खेळायचे, तिघांत तर जवळजवळ प्रत्येक. छक्क्यांची जोडी मिळाली तरी राजासारखे बसायचे. नुसता एक्का आणि सोबत फुटकी चौकी, तरी बटणं मध्ये. मास्तरांना ते उथळपणाचं वाटायचं.

"अरे बगळ्या," जुळाऱ्यांनी एकदा समजावून सांगितलं होतं, "नवांत कुणाकडे तरी काहीतरी असतं, म्हणून थांबायचं. तिघांत बहुतेक वेळा कुणाकडेच काही नसतं. मग ज्याला हे आधी कळतं, तो घेतो. आणि बैठक बघ. तीन डावांत दोनदा तुझ्यावर येते. तू ज्या पत्त्याची वाट बघतोयस, तो येईपर्यंत तुझी बटणं वाहून जातात. इथं थांबायला भाडं पडतं, बाबा."

मास्तरांना कळलं नाही असं नव्हतं. पण तीस वर्षं ज्या जोरावर दरारा कमावला, तो जोर आता काही कामाचा नाही, हे साठी-सत्तरीत कुणाला पटतं? ते थांबतच राहिले, आणि दर रविवारी हरतच राहिले.

आठ महिन्यांपूर्वीचा तो रविवार. मास्तरांपुढे बारा-पंधरा बटणं उरली होती. हातात राणी आणि नव्वी. जुळाऱ्यांनी कोटाचं बटण सरकवलं. मास्तरांनी नेहमीसारखा विचार केला, नेहमीसारखे पत्ते टाकले. जुळाऱ्यांनी आपले पत्ते उघडून दाखवले. सत्ती आणि दुर्री. याहून भिकार पत्ते अख्ख्या जोडात नाहीत.

"बगळ्या," ते म्हणाले, "तळं आटलं की रे! तरी आपला एका पायावर उभाच!"

सिग्नलवाले हसले. इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मास्तर उठले. "तिघांत कसला डाव? हा पोरखेळ आहे," म्हणाले. एवढ्यावर भागलं असतं. पण त्यांनी डबा ओढला आणि टेबलावरची सगळी बटणं त्यात लोटली. आपल्यापुढची, सिग्नलवाल्यांपुढची, जुळाऱ्यांनी एकावर एक रचलेली चळतसुद्धा. बटणं होती मास्तरांचीच, पण तीस वर्षं ती त्या टेबलावर होती, आणि रविवार संपल्यावर ती उचलून घरी न्यावीत हे कधी कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

पुढच्या रविवारी ते गेले नाहीत. त्यांना वाटलं, जुळारी येईल बोलवायला. दोन आठवड्यांनी कळलं, ते दोघं आगकाड्या मांडून बसले होते, पण रंग भरेना. दोन महिन्यांनी सिग्नलवाले लेकीकडे राहायला गेले. तरी मास्तर थांबले. येईल, आज ना उद्या येईल.

आला नाही. आणि आता पंधरा दिवस, फार तर महिना.

"दुपारी बघतो," मास्तर खिडकीकडे तोंड करून म्हणाले.

सूनबाई ओटा पुसत होती. तिचा हात थांबला. "दुपारी म्हणजे कधी, बाबा?"

या घरात असा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. मास्तरांनी वळून पाहिलं. ती रागावलेली नव्हती. नुसतं विचारत होती.

त्यांनी कपाटाच्या वरच्या फळीवरून बटणांचा डबा काढला.

जुळाऱ्यांचं घर तीन गल्ल्या सोडून, वरच्या मजल्यावर. मास्तरांनी जिना चढताना दोनदा दम घेतला; डबा हातात खुळखुळत होता, त्यामुळे आत आधीच वर्दी गेली असणार. खोलीत औषधांचा वास होता. पलंग खिडकीजवळ ओढला होता. जुळारी उशांना टेकून बसले होते, आणि मास्तरांच्या नजरेनं सवयीनं माप घेतलं: छाती चाळीसची होती, आता चौतीसचीही नसेल. सदरा त्यांनीच शिवलेला. खांद्यावरून तो लोंबत होता.

"कोण ते? बगळा का?"

"हो."

"माझी चोरलेली बटणं आणलीस?"

"आणली."

"मग उभा काय राहतोस? दोन पायांवर उभा आहेस तेवढ्यात बस."

आजार कसा आहे, दुखतं का, झोप लागते का, काही नाही. जुळाऱ्यांनी चादरीवरचे पत्ते गोळा केले आणि पिसायला गेले. पत्ते हातातून सांडले. पुन्हा गोळा केले, पुन्हा सांडले. एके काळी या बोटांना खणाकडे न बघता नेमका खिळा सापडायचा. मास्तरांनी मान वळवली. मग पत्ते घेऊन त्यांनीच पिसले, वाटले.

दोन डाव कसेबसे झाले. जुळाऱ्यांना पत्ते धरवेनात, तेव्हा वहिनी पलंगावर शेजारी बसल्या आणि त्यांनी नवऱ्याचे पत्ते आपल्या हातात धरले. खेळ त्यांना येत नव्हता. एक्का मोठा आणि दुर्री लहान एवढंच माहीत. पण पत्ता उचलला की त्यांच्या चेहऱ्यावर सगळं उमटायचं. चित्राचा पत्ता आला की भुवया वर. छोटा आला की ओठ मुडपलेले, जणू भाजीत अळी निघाली.

पाचव्या डावाला मास्तरांच्या हातात गुलामांची जोडी आली. वहिनींचे ओठ मुडपले. जुळाऱ्यांनी मानेनंच खूण केली आणि वहिनींनी कोटाची तीन बटणं मध्ये सरकवली. मुडपलेले ओठ सांगत होते, हातात काही नव्हतं. मास्तरांनी जुळाऱ्यांच्या मनगटाकडे पाहिलं, सलाईनच्या निळ्या डागाकडे पाहिलं, आणि पत्ते टाकले.

"उघड," जुळारी म्हणाले.

"टाकले ना. टाकलेले कुणी दाखवतं का?"

"उघड म्हणतो ना!" आणि त्यांनी स्वतःच हात लांबवून पत्ते उलटले. दोन गुलाम.

"गुलामांची जोडी. दोघांत. आणि टाकलीस." जुळाऱ्यांचा आवाज बारीक झाला होता, पण धार होती. "कीव करायला आलास? त्यासाठी नातेवाईक आहेत मला भरपूर. रोज येतात, फळं ठेवतात आणि जातात. तू खेळायला आला असशील तर खेळ. नाहीतर डबा उचल आणि जा. तुला सवय आहे."

मास्तरांना ते लागलं. लागायलाच हवं होतं.

"वहिनींच्या चेहऱ्यावरून कळतं रे सगळं," ते शेवटी म्हणाले. "त्याला खेळ म्हणायचं का?"

"माझ्या चेहऱ्यावरून?" वहिनी चकित झाल्या. "मी तर काहीच करत नाही हो!"

"तू नाही करत. तुझं तोंड करतं," जुळारी म्हणाले. "चाळीस वर्षं बघतोय मी. हिनं पगाराच्या दिवशी दार उघडलं की शेजाऱ्यांना कळायचं."

तिघंही हसले. जुळाऱ्यांना हसण्याचा त्रास झाला, त्यांनी डोळे मिटून तो जाऊ दिला.

मास्तरांची नजर फळीवर गेली. तिथे जुळाऱ्यांची जुनी स्टिक होती, खिळे ओळीत लावायची लोखंडी पट्टी, तीन बाजूंनी काठ असलेली; निवृत्त होताना छापखान्यातून मागून आणलेली एकच वस्तू. मास्तरांनी ती घेतली, सरकता काठ पत्त्याच्या रुंदीइतका आवळला आणि पत्ते त्यात उभे केले. मांडीवरच्या उशीला टेकवून ठेवली. पत्ते फक्त जुळाऱ्यांना दिसत होते.

जुळाऱ्यांनी स्टिकच्या काठावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "वाट."

आता खरं काय ते सुरू झालं. दोघांत बैठक प्रत्येक डावाला दोघांवरही. थांबायला जागाच नाही. राणी आणि चौकी आली. तीस वर्षांत अशा पत्त्यांवर मास्तरांनी एक बटण टाकलं नव्हतं. टाकलं. हरले. अठ्ठी-पंजी आली. टाकलं. पुन्हा हरले. हातात काहीच नसताना कोटाचं बटण मध्ये सरकवलं, आणि चटका बसल्यासारखं बोट मागे घेतलं. आणि जुळाऱ्यांनी पत्ते टाकले. मास्तरांना स्वतःचंच हसू आलं. किती सोपं होतं. किती दिवस सोपं होतं.

"आज खेळलास," जुळारी म्हणाले. "तीस वर्षांनी."

मास्तर पत्ते पिसत होते. पिसता पिसताच म्हणाले, "त्या दिवशी मी बटणं उचलायला नको होती."

"नको होती."

मग जुळारीच पुढे बोलले. "मीही यायला हवं होतं. तुझ्या दाराशी दोनदा येऊन गेलो. खालून खिडकीत दिसायचास, सुई घेऊन बसलेला. म्हटलं, येईल, बगळा स्वतः येईल. तुझ्याकडूनच शिकलो ते थांबणं."

मास्तरांनी पत्ते वाटले नाहीत. जोड हातात तसाच राहिला.

जुळाऱ्यांनी मान उशीवर टाकली. कपाळावर घाम होता. "दोघांत दम लागतो रे. एकही डाव सोडता येत नाही. तू बोललास की मी, मी बोललो की तू." त्यांनी डोळे मिटले. "तिघं असतो ना, तर मधूनच पत्ते टाकून पडलो असतो. तुमचं चालू राहिलं असतं. बटणांचा आवाज, तुमची भांडणं, ऐकत पडलो असतो. मग पुढच्या डावाला उठलो असतो."

त्यांना झोप लागली. वहिनींनी स्टिक उचलून फळीवर ठेवली, आतले पत्ते न बघता. मास्तरांनी बटणं डब्यात भरली नाहीत. तशीच राहू दिली, रचलेली, पलंगाजवळच्या स्टुलावर.

"उद्या दहाला येतो," ते दारात म्हणाले. वहिनींनी नुसती मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते मास्तरांना पाहवलं नाही. ते भराभर जिना उतरले.

घरी सूनबाई त्यांचं ताट झाकून बसली होती. ताट तिनं लगेच पुढे केलं नाही; त्यांच्याकडे बघत राहिली. मास्तर समोरच्या खुर्चीवर टेकले. तिच्याकडे त्यांनी आजवर काही मागितलं नव्हतं. पाणीसुद्धा नाही, तिच्या लक्षात येईपर्यंत तहान धरून बसायचे.

"कसे आहेत?" शेवटी तिनं विचारलं.

"चौतीसची छाती राहिलीये," मास्तर म्हणाले. आणि मग ती काही बोलेल याची वाट न बघता म्हणाले,

"सूनबाई, उद्या दहा वाजता माझ्याबरोबर त्यांच्याकडे चल. पत्ते मी शिकवतो. आम्हाला तिसरं माणूस हवंय."